पूरग्रस्त गावात मुलांना न्यायचंय? एक गल्ली धरा आणि वर्षभर सोडू नका

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बेळगावातल्या तुमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची तीस-पस्तीस मुलं-मुली निपाणी तालुक्यातल्या दूधगंगाकाठच्या एका गावात, पुरात पडलेली घरं उभी करायला मदत करू म्हणतात. प्राचार्यांनी एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिराला परवानगी दिली आहे. सात दिवसांत किती घरं होतील, आणि मुलांकडून भिंती बांधून घेता येतील का?

सात दिवसांत एकही घर होत नाही आणि मुलांनी भिंत बांधू नये. पूर आला की गावातल्या गवंड्याचं आणि बिगाऱ्याचंही घर गेलेलं असतं, त्याची तेवढ्या महिन्यांची मजुरीही बुडालेली असते. बांधकाम सुरू होतं तेव्हा त्याच्या हाताला पहिल्यांदा काम येतं. ते काम आपली मुलं फुकट करून देणार असतील तर त्या गावाचं आपण नुकसानच करतो. शिवाय ज्या हाताने कधी ओळंबा धरलेला नाही त्या हाताने रचलेल्या भिंतीखाली उद्या कुणाचं तरी लेकरू झोपणार आहे. पण मुलांच्या उत्साहाला वाव नाही असं समजू नका. त्यांच्याकडून होणारं काम एवढं मोठं आहे की सात दिवस पुरत नाहीत, वर्ष लागतं. माझं सांगणं एवढंच: सगळं गाव घेऊ नका, एक गल्ली घ्या. दहा-पंधरा घरांची. आणि त्या गल्लीतल्या शेवटच्या घराचा शेवटचा हप्ता मिळेपर्यंत ती सोडू नका.

वर्ष का, ते सांगतो. आपल्या भागात २००५, २०१९ आणि २०२१ असे मोठे पूर अनेकांच्या डोळ्यांदेखत आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्याच एकदम फुगल्या. चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणी, रायबाग, गोकाक, रामदुर्ग, खानापूर, कुठला तालुका सुटला नाही. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, २०२१ च्या जुलैत तिथे पुन्हा तेच झालं. दर वेळी एकच क्रम असतो. पहिले पंधरा दिवस गंजी केंद्रांवर, म्हणजे पूरग्रस्तांच्या जेवणाच्या सरकारी छावण्यांवर, गर्दी उसळते, टेंपो भरभरून ब्लँकेटं आणि बिस्किटं येतात, जुन्या कपड्यांचे ढीग शाळेच्या व्हरांड्यात कुजत पडतात. गणपती आले की जो तो आपापल्या घरी जातो. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो: पंचनाम्याची यादी लागते, त्यात नाव नसतं, असलं तर चुकीच्या वर्गात असतं, पहिला हप्ता अडकतो, ऊसतोडीला माणसं गेली की गवंडी मिळत नाही. दिवाळीनंतर त्या गल्लीत बाहेरचं माणूस दिसत नाही. तुमच्या मुलांनी तिथे दिसायला हवं ते तेव्हा.

आता कामाच्या क्रमाने सांगतो.

पाणी उतरल्या उतरल्या मुलांना घरात शिरू देऊ नका. आपल्याकडची जुनी घरं दगड-मातीची किंवा पांढऱ्या मातीच्या रुंद भिंतींची. पाणी उभं असतं तोवर भिंत दोन्ही बाजूंनी तोललेली असते. पाणी गेलं की पायथ्याची भिजलेली माती दबते आणि वरचा भार तिच्यावर येतो. म्हणून कित्येक भिंती पूर ओसरल्यावर दोन-चार दिवसांनी पडतात, कधी पंधरा दिवसांनीही. भिंतीला पोट आलंय, चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेलीय, काल उघडणारं दार आज अडकतंय, कौलांची ओळ मध्ये बसलीय, यातलं एक जरी दिसलं तरी आत जायचं नाही. भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडून उभं राहायचं. गावातला वयस्कर गवंडी बरोबर घ्या. तो बोट दाखवेल तेवढ्याच घरात गाळ काढायचा.

गाळ काढताना गमबूट आणि हातमोजे सक्तीचे. नुसत्या चपलांवर आलेल्या मुलाला परत पाठवा, वाईट वाटलं तरी चालेल. चिखलात काच आणि पत्रा असतो, उंदीर-जनावरांच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, अडगळीत घोणस आणि मण्यार येऊन बसलेले असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी द्या. लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनची गोळी द्यायची का, हे तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. मुलांचं जेवण, पाणी आणि राहणं तुमचं तुम्ही बघा. गावाच्या चुलीवर भार टाकू नका. प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली यादी खिशात ठेवा.

विहिरीचं काम मात्र मुलांना शोभणारं आहे, कारण त्यात हिशेब आहे. आधी पंप लावून गढूळ पाणी उपसायचं आणि नवं पाणी येऊ द्यायचं. मग विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजून किती हजार लिटर पाणी आहे ते काढायचं. चांगल्या ब्लीचिंग पावडरचं प्रमाण साधारणपणे १००० लिटरला २.५ ग्रॅम असतं. पुरानंतर त्याहून जास्त लागतं, ते आरोग्य खात्याच्या माणसाला विचारून घालायचं. पावडर थेट विहिरीत ओतायची नाही. बादलीत कालवून, निवळू देऊन वरचं पाणी सोडायचं. तासाभराने तपासल्यावर लिटरला निदान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. तपासणीची बाटली पंचायतीच्या पाणीवाल्याकडे असते. त्याच्याच हाताने तपासून घ्या, म्हणजे तुम्ही गेल्यावरही तो करत राहील.

दुसरं काम ढिगाऱ्याचं. जेसीबी येतो आणि पडलेलं घर उचलून ओढ्याला नेऊन टाकतो. त्या ढिगाऱ्यात माणसाचे हजारो रुपये असतात. शाबूत कौलं, चिरे, घडीव दगड, सागवानी तुळया, चौकटी, लोखंडी गज. जेसीबीच्या आधी मुलांना तिथे उभं करा. कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत तडा आहे, बाजूला टाका. खानापूरकडच्या घरांत हे फार कामाला येतं, तिथे घरं कौलारू आणि पाऊस दांडगा. लाकूड उन्हात टाकू नका, वाकतं. सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचायचं. प्रत्येक घराचा ढीग वेगळा आणि त्यावर घरमालकाचं नाव. या कामाला कुणी टाळ्या वाजवणार नाही, पण घर बांधायला काढल्यावर त्या माणसाला प्रत्येक तुळई आठवते.

आता कागदांचं. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या अनुभवात सीमाभागात घर उभं राहतं की नाही हे सिमेंटपेक्षा कागदावर जास्त ठरतं, आणि तुमच्या मुलांइतकं हे काम दुसरं कुणी करू शकत नाही.

२०१९ च्या पुरानंतर कर्नाटक सरकारने पडलेल्या घरांचे तीन वर्ग केले होते. पाऊण हिश्शाहून जास्त पडलं तर ए, पाव ते पाऊण बी, त्याहून कमी सी. ए वर्गाला ५ लाख रुपये जाहीर झाले, तेही एकरकमी नाहीत, पाया, भिंती, छप्पर अशा टप्प्यांनी, प्रत्येक टप्प्याचा फोटो चढवल्यावर. बी वर्गाची रक्कम नंतर वाढवली गेली. यंदाचे नियम आणि दर तहसीलदार कचेरीत विचारा आणि मगच गावात आकडा सांगा. चुकीचा आकडा एकदा गल्लीत पसरला की तो परत घेता येत नाही.

तर अडतं कुठे? पहिली अडचण तारखेची. पंचनामा होतो तेव्हा घर ओलं असलं तरी उभं असतं. तलाठी आणि इंजिनिअर येतात, एक भिंत पडलेली दिसते, सी वर्ग लिहून जातात. त्यानंतर मागची भिंत बसते. आता घर ए वर्गाचं झालं, पण कागदावर सीच आहे. म्हणून तुमच्या मुलांचं पहिल्या दिवसाचं काम म्हणजे प्रत्येक घराचे चारी बाजूंनी, अंतर राखून बाहेरून, आणि गवंड्याने बोट दाखवलेल्या घरांत आतूनही, तारखेसकट फोटो. दर चार दिवसांनी पुन्हा तेच. पुढे भिंत पडली की फेरतपासणीच्या अर्जाला हे फोटो जोडायचे, तेही मुदतीत.

दुसरी अडचण मालकीची. गावठाणातलं घर आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, तीन भावांच्या तीन चुली एकाच तुळईखाली. पंचायतीच्या दप्तरात घर नंबर एक, म्हणून भरपाईही एकालाच. थोरल्याच्या खात्यावर पैसे आले की भाऊबंदकी पेटते. पैसे यायच्या आधी तिघांना एकत्र बसवून संमतीपत्र करून घेणं सोपं जातं, आल्यावर फार अवघड. पंचायतीतून ई-स्वत्तूचा, म्हणजे घरजागेच्या ऑनलाइन नोंदीचा, ९ आणि ११ नंबरचा उतारा निघतो का ते बघायचं. वारसाचा दाखला लागतो का ते नाडकचेरीत, म्हणजे तहसीलच्या हाताखालच्या महसूल कचेरीत, विचारायचं. रेशन कार्ड वेगळी आहेत का, लाइट बिल वेगळं आहे का, हे पुरावे गोळा करायचे.

तिसरी अडचण भाषेची. अर्ज, नोटीस, यादी सगळं कन्नडमध्ये. ज्या बाईचं सगळं आयुष्य मराठीत गेलं, तिला यादीत आपलं नाव आहे की नाही हेसुद्धा दुसऱ्याला विचारावं लागतं. त्यात एजंट घुसतात. वेदगंगेच्या काठच्या एका गावात आमच्याबरोबर गोकाककडची कन्नड माध्यमातली एक मुलगी आणि खानापूरचा एक मुलगा अशी जोडी होती. एका आजीच्या उंबऱ्यावर बसून दोघं तिचे कागद बघत होते. आधारवर लक्ष्मीबाई, पंचायतीत लक्कव्वा, पासबुकात नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. आजी दोन महिने बँकेत जाऊन "पैसे आले काय रे बाळा" विचारून परत येत होती आणि पैसे का येत नाहीत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलीने कन्नड नोंद वाचून दाखवली, मुलाने आजीला तिच्या भाषेत समजावलं. मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून दोघं तिला घेऊन पीडीओंकडे (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांकडे) गेले. हप्ता आला. त्या दोघांनी त्या दिवशी एकही घमेलं उचललं नव्हतं.

म्हणून मुलांच्या जोड्या लावताना एक मराठी चांगलं बोलणारा आणि एक कन्नड चांगलं वाचणारा अशाच लावा. बेळगावच्या कॉलेजात असं पथक सहज उभं राहतं. त्याच गल्लीत कन्नड बोलणारी घरंही असतील, ती वेगळी काढू नका. पुराने भाषा विचारली नव्हती, आपणही विचारायची नाही. आणि प्रत्येक जोडीत शक्यतो एक मुलगी ठेवा. मोरी कुठे हवी, संडासाला रात्री अंधारात किती लांब जावं लागतं, नवरा पैसे कुठे घालवतोय, हे बायका मुलींनाच सांगतात.

कागद ओले झाले असतील तर मुलांना आधीच शिकवून ठेवा. एकमेकांना चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत. कडक उन्हात ठेवायची नाहीत, इस्त्री तर नाहीच. कोऱ्या कागदाच्या किंवा टिपकागदाच्या घड्या मध्ये घालून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवायचं आणि कागद बदलत राहायचं. शेताचा उतारा कॉम्प्युटरवरून पुन्हा मिळतो, पण आजोबांच्या काळातलं मोडीतलं खरेदीखत पुन्हा मिळत नाही. असा कागद दिसला तर आधी त्याचा फोटो काढा.

बांधकामाला साधारण दसऱ्यानंतर सुरुवात होते. इथे तुमच्या सिव्हिलच्या मुलांनी डोळे उघडे ठेवायचे आणि तोंड जपून उघडायचं. गवंड्याला सगळ्यांसमोर चूक दाखवली तर तो पुढचं काही ऐकणार नाही. चहाच्या वेळी बाजूला घेऊन "मामा, इथे असं केलं तर?" म्हणून विचारलं तर ऐकतो. बघायच्या गोष्टी फार नाहीत. चिकोडी, अथणी, रायबागकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेलाच पाहिजे, मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. जोतं पुराच्या खुणेच्या वर घ्यायचं, आणि ती खूण गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्यायची. जोत्यावर एक आणि चौकटीच्या वर एक, असे काँक्रीटचे सलग पट्टे सगळ्या घराभोवती फिरले पाहिजेत. त्या पट्ट्यांतल्या गजांना बांधणाऱ्या लोखंडी रिंगांची टोकं आत वळवलेली हवीत. दगडी भिंत असेल तर ठरावीक अंतरावर आरपार दगड घालायलाच लावा. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आतली आणि बाहेरची अशी दोन पदरी दगडी भिंत मधून फुटून माणसं गाडली गेली, कारण दोन पदरांना बांधणारा दगड नव्हता. आपल्याकडच्या जुन्या भिंती तशाच आहेत, आणि पूर असो की भूकंप, त्या मधूनच सुटतात.

मुलांनी हाताने करायचं काम हवं असेल तर पाणी मारणं. काँक्रीटला निदान सात दिवस, हल्लीच्या मिश्र सिमेंटला दहा दिवस किंवा जास्त. गवंडी दुसऱ्या कामावर गेलेला असतो, घरची माणसं रोजगारावर, आणि पाणी राहून जातं. गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची पाळी मुलांनी लावून घेतली तर त्या घराचं आयुष्य वाढतं. तुमच्या व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) मुलांना पदवीसाठी १०० अॅक्टिव्हिटी पॉइंट लागतात. ते या कामाला जरूर द्या, पण हजेरीवर नको, पाळी सांभाळल्यावर द्या.

आराखडा काढायची हौस मुलांना असते. ती मोडू नका, पण आधी त्या घरात एक संध्याकाळ बसायला सांगा. म्हैस कुठे बांधणार, वैरण आणि शेणी कुठे ठेवणार, परड्यात काय काय होतं, तंबाखू कुठे वाळत घालतात, देव्हारा कुठल्या तोंडाचा. २००९ च्या पुरानंतर उत्तर कर्नाटकात देणगीदारांनी वसाहती बांधून दिल्या, त्यातल्या काही ठिकाणी लोक राहायलाच गेले नाहीत. घर पक्कं होतं, पण शेत लांब आणि गोठ्याला जागा नाही. गुरं सोडून शेतकरी झोपायला जात नाही.

शेवटी व्यवस्था. एनएसएसमध्ये मुलाने दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात आणि सात दिवसांचं शिबिर वेगळं. तुम्ही शिबिराचे दिवस ढिगारा आणि कागदांसाठी वापरा आणि वर्षाचे तास महिन्यातल्या दोन रविवारांत वाटा. एक जाड वही घाला, प्रत्येक घराला दोन पानं: माणसं किती, कागद कुठले आहेत, कुठले नाहीत, अर्ज कधी दिला, पोच नंबर काय, हप्ता कुठे अडलाय, पुढच्या वेळी कुणाकडे जायचं. गेल्या वेळी दिलेला शब्द पाळला का, हेही त्याच पानावर. बँकेचे आणि आधारचे नंबर वहीत लिहू नका. शेवटच्या वर्षाची मुलं मे महिन्यात निघून जातील, म्हणून प्रत्येक जोडीत एकजण पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचा ठेवा. परीक्षेच्या काळात यायला जमणार नसेल तर तारीख आधी गल्लीत सांगा. येतो म्हणून न येणं लोकांना फार लागतं, पूरग्रस्तांना आश्वासनांची कमी नसते. मदत घेताना कुणाचा फोटो काढायचा नाही. आणि कुठल्याच पक्षाचं किंवा संघटनेचं बॅनर मागे लावू देऊ नका, नाहीतर निम्मी गल्ली तुमच्याशी बोलणं सोडेल.

पहिल्या भेटीला मुलांना नेऊ नका. तुम्ही आणि एखादे सिव्हिलचे सर असे दोघे जा. आधी तहसीलदारांची आणि पंचायतीची परवानगी लेखी घ्या, मग पीडीओ, तलाठी, आशा ताई आणि शाळेच्या गुरुजींना भेटा. कुठली गल्ली घ्यायची हे सरपंचांना एकट्याने ठरवू देऊ नका. आशा ताई घरोघर जात असतात, मदत कुठे पोचली नाही हे त्यांना विचारा. बहुतेक वेळा ती गावाच्या कडेची, नदीकडच्या उताराची वस्ती निघते. गल्ली ठरली की मला कळवा. तिथे वाकलेल्या भिंती असतील तर मुलं यायच्या आधी मी आमच्या गवंड्याला घेऊन एक चक्कर मारतो, कुठल्या घरात शिरायचं आणि कुठल्या नाही ते खडूने लिहून ठेवू.